दस्त्यावरची शेवटची फुली

आमच्या केंटकीतल्या खोऱ्यात बंदूक बिघडली की लोक आयडेला कॉम्ब्सकडे येतात आणि शिव्या खाऊन जातात. एका शहाण्याने आजोबांच्या बंदुकीचा लाकडी दस्ता करवतीने आखूड करून आणला होता. आयडेलाने तोच कापलेला तुकडा त्याच्या तोंडावर फेकला. दोन दात पडले. मला काही वाईट वाटलं नाही. लोखंड नवं मिळतं, हाताने झिजलेलं लाकूड कुठून आणणार?

हा राग तिच्यात नवव्या वर्षी शिरला. डुक्कर मारायच्या दिवशी, पहाटे, परसात तिचा बाप बर्चेल मरून पडलेला तिनेच पाहिला. कानामागे एवढंसं भोक. शेरीफ म्हणाला, रानातल्या कुणा शिकाऱ्याची चुकार गोळी. पण आयडेलाला गवतात रिकामी पुंगळी सापडली होती. पुंगळीच्या काठावर गोळी उडवणाऱ्या खिळ्याचे एकाऐवजी दोन ठोके होते, शेजारी शेजारी. ती तिने तपकिरीच्या डबीत जपून ठेवली.

तेव्हा डुकरं मारायला अख्ख्या खोऱ्याची मिळून एकच बंदूक होती, बारीक गोळीची, पॉइंट बावीस. उद्या ज्याचं डुक्कर, त्याच्या घरी ती आदल्या संध्याकाळी जायची आणि घरधनी रात्री चाकूने दस्त्यावर आपली खूण कोरायचा. बर्चेल मेला आणि बंदूकही नाहीशी झाली. आयडेलाची आई मॉसी एवढंच सांगायची, "आपल्याकडे आलीच नव्हती ती. शेजारचा टॅल्मेज सकाळी आणणार होता." आम्ही दुसरी बंदूक घेतली आणि गप्प बसलो. गप्प बसण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

गेल्या मार्चमध्ये मॉसी वारली. ऑक्टोबरात ऐंशीचा टॅल्मेज फ्युगेट पोत्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन आयडेलाच्या शेडमध्ये आला. मी तिथे करवतीला धार लावून घ्यायला बसलो होतो.

"पोरी, ही कुठली ते सांग. नाव नाही, नंबर नाही. आणि दुर्बीण लाव, पट्टा लाव. डोळे गेले माझे. पण दस्त्याला भोक नको, रंधा नको, काही नको."

"मला शिकवू नका, काका. डोळे तुमचे गेलेत, माझे नाहीत."

तिने पोतं सोडलं. दस्त्यावरच्या खुणांची रांग दिसली आणि मी ओळखली, खोऱ्याची हरवलेली बंदूक. तिनेही पाहिली. तिने खटका काढला, नळीच्या खालचा शिक्का भिंगातून पाहिला.

"साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. कारखान्याने दुकानांसाठी बनवलेली, बिननावाची. तेव्हा नंबर घालत नव्हते."

दुर्बीण तिने वरच्या लोखंडी खाचांत आवळून बसवली. पट्ट्याचं पुढचं टोक नळीभोवतीच्या कड्यात अडकवलं, मागचं दस्त्यावर चढवलेल्या चामडी खोळीला. लाकडाला ओरखडासुद्धा नाही. मग वाळूच्या पेटीत एक गोळी झाडली, पुंगळी उचलली, डबीतली शेजारी ठेवली. दोन्हींवर दोन-दोन ठोके.

तिने नळी दोन्ही हातांत धरली आणि दस्ता टॅल्मेजच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव जबड्यावर बसला. म्हातारा खुर्चीसकट कोसळला. मी तिला मागून कव घातली, तर माझ्या बरगडीत कोपर.

"माझ्या बापाला मारलंत तुम्ही! पंचेचाळीस वर्षं माझ्यासमोर चर्चमध्ये बसता!"

टॅल्मेजने रक्त थुंकलं. "दस्ता बघ. शेवटची खूण कुणाची?"

फ्युगेटांची खूण एक उभी रेघ, आमची दोन, कॉम्ब्सांची फुली. रांगेच्या शेवटी फुली होती. बर्चेलच्या चाकूचं टोक मोडलेलं असायचं, म्हणून तिचं एक टोक नेहमी लांब ओरखडलेलं. तसंच होतं.

म्हणजे त्या रात्री बंदूक तिच्याच घरी होती. आणि घरात बर्चेलखेरीज दोघीच होत्या, नऊ वर्षांची आयडेला आणि मॉसी. बर्चेलच्या मारामुळे त्या आठवड्यात मॉसीचा डावा डोळा सुजून मिटला होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नेम उजव्या डोळ्याने धरतात.

"नदीत टाक म्हणाली मला तुझी आई," टॅल्मेज म्हणाला. "सगळ्यांच्या खुणा होत्या गं, टाकवली नाही. ती असेपर्यंत बोलायचं नाही, असा शब्द दिला होता."

"मग आज तरी तोंड उघडायचं!"

"दस्ता दिला होता की तुझ्या हातात. तू लोखंडच बघत बसलीस."

आयडेला खाली बसली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिने एप्रनचं टोक त्याच्या जबड्याला लावलं, आणि आईला हाक मारून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी दोघांना गाडीत घालून इस्पितळात नेलं. नर्सने विचारलं, हे कसं झालं? नर्ससोबत आलेला पोलीसही वहीत लिहायला थांबला.

"डुकराने धडक दिली," टॅल्मेज म्हणाला.

पोलिसाने आयडेलाकडे पाहिलं. तिच्या हातांवर त्याचं रक्त होतं.

"हो," ती म्हणाली. "माझ्यासमोरच."