जॅझच्या तव्यावरचा हरलेला माणूस

चहा बशीत ओता, जरा निवू द्या, मग ऐका. अट एकच. हसायचं तर मी हसल्यावर हसायचं, आधी नाही. फजिती माझी आहे, तिच्यावर पहिला हक्क माझा.

तुम्ही म्हणाल, बाई, तुमची कसली फजिती होते? तुम्ही तर आख्ख्या बालाघाटची करता. खरं आहे. पण एकदा झाली, आणि अशी झाली की पुढे दोन वर्षं मी लालबऱ्याला जायचं असलं की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून जायची.

त्या काळी माझा भोंग्याचा धंदा होता. लग्न असो, बारसं असो, झाडावर भोंगा माझा, खाली मशीन माझी, माईक माझा. नवरा गेल्यावर दीर म्हणाला, वहिनी, मशीन विकून टाका, बाईमाणसाले विजेचा धक्का लागते. मी म्हटलं, तुमचे इतके धक्के खाल्ले, त्यात विजेचा एक. मशीन उघडली, पाहिली, बंद केली, शिकले. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकले ती तव्यांच्या लेबलांवर. तवा म्हणजे रेकॉर्ड, आमच्याकडे तवाच म्हणतात. आता लेबल असतं गोल, म्हणून मला बरेच दिवस अक्षरं फिरवूनच वाचता यायची. कोणी सरळ ओळीत चिठ्ठी लिहून दिली तर मी कागद गरगर फिरवायची. हसू नका म्हटलं ना.

मलाजखंडला तेव्हा खाण नव्हती. तांबं जमिनीखाली होतं आणि वर साहेब लोकांचे तंबू होते. त्यातला एक बंगाली साहेब, दगडं ठोकून पाहणारा, माझ्याकडून मशीन दुरुस्त करून न्यायचा. त्याची बदली झाली. सामान हलकं करताना एक मोठा तवा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बाई, ये जॅझ है. ध्यान से सुनना." आणि जीपमध्ये बसून गेला. अजून दोन वाक्यं बोलला असता तर मी वाचले असते.

कव्हरवर पाच माणसांचा फोटो. कोट, टाय, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात वाद्यं. नावं मी एकेक अक्षर लावून वाचली. सगळी साहेबी नावं. म्हटलं, अमेरिकेचे असतील. का म्हटलं? मनात आलं म्हणून म्हटलं. एकदा माझ्या मनात आलं की ते खरंच असायचं, निदान मी विरोधात पुरावा पाहायला जायची नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, सुई खराब आहे. दुसऱ्यांदा वाटलं, वाजवणारे खराब आहेत. पण साहेब म्हणाला होता, ध्यान देऊन. सात-आठ वेळा ऐकल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला. आधी पाचही जण मिळून एक चाल वाजवतात. मग क्लारनेटवाला एकटा पुढे सरसावतो, त्या चालीला वाकवतो, पिळतो, उलटी करून टांगतो. तो थांबला की ट्रंपेटवाला ती उचलतो आणि आपलं काही सांगतो. पुन्हा क्लारनेट. पुन्हा ट्रंपेट. मागे ढोलवाला ठेका धरून बसलेला.

आता सांगा, आमच्या भागातल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल? दुय्यम! दुसरं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. तिथे शाहिरांच्या दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात, एक कलगीची, एक तुऱ्याची. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब अडला की हरला. मध्ये खुर्चीवर पंच. हेच दुय्यम. मी भोंगा लावून लावून असे शंभर दुय्यम ऐकले होते. तेव्हा अमेरिकेतही कलगी-तुरा असतो, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

आणि या दुय्यमचा निकालही तव्यावर स्पष्ट होता. शेवटाकडे क्लारनेटवाला असा काही सवाल टाकतो की अंगावर काटा येतो. मग ट्रंपेटची पाळी. आणि ट्रंपेट गप्प! ठेका चालू, ट्रंपेट गप्प. मी मोजले, ठेक्याचे पुरे आठ फेरे. आणि त्या शांततेत, भोंग्याला कान लावला तर, कोणीतरी हसतं. मग ट्रंपेट कसाबसा सुरू होतो. संपला विषय. जवाब अडला, वर लोकही हसले.

मी काय केलं, तर कव्हरच्या फोटोवर क्लारनेटवाल्याच्या कपाळी जिंकल्याचं कुंकू लावलं आणि ट्रंपेटवाल्याच्या गालाला हरल्याचं काजळाचं बोट.

नुसती ऐकून गप्प बसेन तर मी कसली! लग्नात पंगत बसली की मी तो तवा लावायची आणि माईकवरून समजावून सांगायची. आता क्लारनेटने विचारलं, आता ट्रंपेटने टोलवलं, आता पाहा कसा अडते. पंगतीतले लोक हातातला घास हातातच ठेवून वाट पाहायचे. खेड्याखेड्यांतून बोलावणं आलं की सांगायचे, बाई, तो हरलेला नक्की आणा. किती तरी वर्षं मी त्या माणसाला गावोगाव हरवत फिरले.

अशात लालबऱ्याच्या मंडईचा पंच म्हातारपणामुळे मुलीकडे गोंदियाला राहायला गेला आणि खुर्ची रिकामी झाली. मंडईचे मुख्य म्हणजे धान मिलवाले पटेल. मी सरळ त्यांच्या मिलमध्ये गेले आणि म्हटलं, खुर्ची मला द्या. माझ्याइतके दुय्यम या तालुक्यात कोणी ऐकलेत?

तिथे तुऱ्यावाले गोमाजी शाहीर बसले होते. मोठी शाहिरी गादी त्यांची, मिशा त्याहून मोठ्या. ते म्हणाले, "बाई, पंचाच्या खुर्चीवर आजपर्यंत बाईमाणूस बसली नाही."

"मंग आजपर्यंत उभीच होती. थकली आता."

"गंमत नाही करून राह्यलो. निकाल देणं म्हणजे भोंगा बांधणं नव्हे. उद्या तुम्ही चुकल्या तर आमच्या गादीची इज्जत जाईल."

पटेलांनी मधला रस्ता काढला. म्हणाले, बाईंचा तो परदेशी दुय्यम आम्ही अर्धवटच ऐकलाय. उद्या दुपारी मिलच्या आवारात लावा. दोन्ही पार्ट्या ऐकतील. शिवाय पुतण्याच्या लग्नासाठी नागपूरचा बँड आलेला आहे, त्याचे मास्तर जाणकार आहेत, ते पण बसतील. निकाल पटला तर खुर्ची तुमची.

आयुष्यात मला कशाचा मोह पडला नव्हता इतका त्या खुर्चीचा पडला. सागवानी, दोन हातांची होती. पण लाकडाचं काय घेऊन बसलात! माझ्या निकालावर गोमाजीसारख्याच्या मिशा खाली येणार होत्या, ते महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवारात वाळत घातलेल्या धानाच्या कडेने माणसंच माणसं. बँडचे मास्तर पोत्यावर बसलेले. मूळचे गोव्याचे, टकले, समोरचे दोन दात गेलेले, बनियन घातलेले. मी मनात म्हटलं, हे काय जाणकार!

तवा लावला. त्या दिवशी मी अशी बोलले की सरस्वतीनेही पाटी-पेन्सिल घेऊन समोर बसावं. ट्रंपेट गप्प झाला तिथे हात वर केला आणि फेरे मोजून दाखवले. सहा, सात, आठ. मग हसणं ऐकवलं. "हे लोक हसले. काहून हसले? सवाल होता शेरभर, जवाब नव्हता छटाकभर. याले म्हणतात हार."

सगळे माना डोलवत होते. गोमाजींच्याही मिशा हलल्या. मास्तर मात्र हळूच म्हणाले, "बाई, ये आदमी हारा, ये पक्का?"

"मास्तर, तुम्ही लग्नात वाजवता, तुमाले हे नाही समजायचं. याले तयारी लागते. या बिचाऱ्यानं तयारीच नाही केलती."

"तयारी नहीं थी?"

"हौ. वरून घाबरट. आवाजच सांगून राह्यला."

मास्तरांनी मान हलवली. पटेल म्हणाले, चला, खुर्ची बाईंची. टाळ्या पडल्या. मी पदर सावरला. मास्तरांनी तेवढ्यात कव्हर पाहायला मागितलं. हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले. अंगठ्याने ते काजळ पुसायला गेले, तर ते आणखी पसरलं आणि ट्रंपेटवाल्याला दाढी आली.

मग आत गेले आणि आपला ट्रंपेट घेऊन आले. म्हणाले, बाई, ती शेवटची जागा पुन्हा लावा. मी लावली. तव्यावर क्लारनेट वाजलं, मास्तर ऐकत उभे राहिले. त्याची पाळी संपली. मास्तरांनी ट्रंपेट ओठांपाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. ठेका चालू. पाच, सहा, सात. आठव्या फेऱ्याला तव्यावरचा माणूस हसला आणि आवारातले मास्तर हसले.

हसणं एकच. एका कोंबड्याचं आरवणं दोनदा ऐकावं तसं. आणि मग दोन्ही ट्रंपेट एकाच सुरात सुरू झाले, बोटाला बोट लावून.

मी हातातला माईक खाली ठेवला. मी! आपण होऊन!

तवा संपल्यावर मी कसंबसं म्हटलं, "पण तुम्ही तर अमेरिकेचे..."

"अमेरिका मैंने नक्शे में भी ठीक से नहीं देखा, बाई. ये बंबई में हुआ. दोपहर में. पंखा बंद, क्योंकि पंखे की आवाज आती थी. पाँचों पसीने में."

"मंग गप्प काहून बसले तुम्ही? आठ फेरे!"

मास्तर म्हणाले, "हमारे में कोई हारता नहीं. एक बोलता है, बाकी सुनते हैं. उस दिन वो क्लारनेट पे ऐसा बोला कि मैं सुनता ही रह गया. अपनी बारी भूल गया. याद आया तो खुद पे हँस दिया. दुबारा बजाते, तो उसका वैसा बोलना फिर कहाँ आता? कंपनीवाला बोला, रहने दो." मग फोटोतल्या कुंकवाकडे बोट दाखवून म्हणाले, "अब वो नहीं रहा. उसको टीका ठीक लगाया आपने."

आता धरणी दुभंगायला हवी होती, पण मिलचं आवार सिमेंटचं होतं.

मी म्हटलं, पटेल भाऊ, खुर्ची ठेवा तुमची. पण मास्तरच मध्ये पडले. म्हणाले, बाईंनाच बसवा. माझे आठ फेरे मोजत इतकं कान देऊन मला आजवर कोणी ऐकलेलं नाही, माझ्या बायकोनेसुद्धा नाही. पटेलांनी शब्दही दिलेला होता. गोमाजी गालात हसत म्हणाले, बसू द्या, आता बाई सांभाळून निकाल देतील.

सांभाळून! तिथेच तर सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी मंडई. हजार माणूस, मी खुर्चीवर, शेजारी पटेल. कलगीवाल्यांनी असा सवाल टाकला की लोकांनी फेटे उडवले. गोमाजींची पाळी आली. मागे ढोलकी वाजते आहे आणि गोमाजी गप्प. चार फेरे. पाच. कालच्या दिवसाआधी असतं तर मी सहाव्याला हात वर केला असता. पण आता मनात आलं, अगं, ऐकत असेल तो. सवाल इतका सुरेख होता, आपली पाळी विसरला असेल. इतक्यात गोमाजी हसले. झालं! माझी खात्रीच पटली.

मी हात वर केलाच नाही. दहा फेरे झाले, वीस झाले. ढोलकीवाल्याने हात झटकले आणि पुन्हा ठेका धरला. गोमाजी माझ्याकडे पाहत होते, मी मान हलवून त्यांना धीर देत होते. घ्या, वेळ घ्या. शेवटी ते पुढे आले आणि हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"बाई, हरलो न मी. आता बसू द्या मले."

"तुम्ही नाही हरले, गोमाजीभाऊ. तुम्ही ऐकून राह्यले."

"मले जवाब येत नाही, बाई."

"मंग हसले काहून?"

"तुमचं तोंड पाहून हसलो."

कलगीवाले उठले. जिंकलो आम्ही, निकाल काहून देत नाही? तुऱ्यावाले उठले. आमचा म्हातारा शाहीर उन्हात उभा केला, हरूही देत नाही! मी उभी राहून ठणकावून निकाल दिला: दोघेही जिंकले, याच्यात कोणी हरत नसते.

पन्नास वर्षांत जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. कलगी आणि तुरा एका बाजूला आले. दोन्ही पार्ट्यांनी पटेलांना घेरलं आणि एकमुखाने काही सांगितलं. पटेलांनी घसा साफ केला, माझ्याचकडून माईक मागून घेतला. आवाज कमी येतो म्हणाले, तर मीच वाकून मशीनचा आवाज वाढवून दिला. आणि ते बोलले, "मंडळी, ऐका. आजच्या दुय्यमात कलगी जिंकली, तुरा जिंकला. पंच हरली."