टॅनरीच्या पाटीपाशी

ते गाव पहिल्या दिवशीच माझ्या डोक्यात गेलं.

मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. राहतो मात्र लंडनात नाही, तिथून रेल्वेनं दोनेक तासांवर असलेल्या एका जुन्या बाजारपेठेच्या गावात. आम्ही दोघं इंदापूरहून निघालो तेव्हा शेजारणींनी मला राणीचा राजवाडा बघून यायला बजावलं होतं. बघायला मिळाला तो एक चौक. मधोमध दगडी क्रूस, त्याच्याभोवती दर मंगळवारी बाजार, आणि तो बाजार म्हणे शेकडो वर्षं न चुकता भरतोय. हे सांगताना मुलाचा आवाज असा, की जणू याच्याच पणजोबानं तिथं पहिलं पाल ठोकलं होतं. मी म्हटलं, आपल्या इंदापूरचा बाजारही काही काल सुरू झालेला नाही. तो म्हणाला, "आई, प्रत्येक गोष्टीत तुलना करू नकोस गं." मग दाखवायला आणलं कशाला? दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय माणसानं बघायचं तरी कसं?

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या लाकडांची, पुढं झुकलेली घरं होती. आपल्याकडं नगरपालिकेनं धोकादायक म्हणून नोटीस चिकटवली असती. इथं लोक त्यांच्यासमोर उभे राहून मान तिरकी करत होते. बाजारात एका टोपलीत मातीनं भरलेली गाजरं मांडली होती. माती मुद्दाम ठेवलेली, ताजेपणा दिसावा म्हणून. आयुष्यभर मी भाजीवाल्या बायकांना माती झटकून द्यायला सांगत आले आणि इथं मातीचंच कौतुक. शिवाय सगळे सारखे सॉरी म्हणत होते. धक्का लागायच्या आधीच म्हणत होते.

आमच्या ह्यांना मात्र सगळं आवडलं. हे पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं हे पाहणारा तो पाटकरी. बारामती-इंदापूरकडचे मोठमोठे बागायतदार पाण्याच्या पाळीसाठी यांची वाट बघत बांधावर थांबलेले मी पाहिलेत. इथल्या नदीवर लाकडी दरवाजांचा एक जुना बांध होता. हे रोज सकाळी जाऊन तिथं उभे राहायचे आणि येऊन मला सांगायचे, "दार अजून गळत न्हाय. लाकूड हाय, पण गळत न्हाय." या वयात नवऱ्याला इतकं खूश बघून बायकोला बरं वाटायला हवं. मला राग येत होता.

रागाचं खरं कारण पहिल्याच संध्याकाळी घडलं होतं. मुलानं चहा केला, आमच्यासमोर बसला आणि कपाकडं बघत म्हणाला, "इथं मराठी कुटुंबं थोडीच आहेत. चांगली आहेत. कुणी मूळ गाव विचारलं तर पळसदेव सांगा. त्याच्यापुढचं काही सांगू नका."

"पुढचं म्हंजी काय?" मी विचारलं. मला चांगलं कळलं होतं.

"आई, मला शब्द दे."

आम्ही बौद्ध. छप्पन सालाच्या आधी माझे सासरे गावाची मेलेली जनावरं ओढायचे, त्यांची कातडी सोलायचे. धम्म घेतला त्या दिवशी त्यांनी तो ओढायचा दोर गोळा करून ओढ्यात फेकला, ही गोष्ट आमच्या घरात लहान मुलांना झोपताना सांगतात. माझ्या मुलानंही ती ऐकलेली आहे, तीही पुन्हा पुन्हा मागून. आता त्यानं आमचं आडनाव कागदांपुरतं ठेवलं होतं आणि लोकांत वावरायला गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं घेतलं होतं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती. पण तसली मूर्ती तिथल्या गोऱ्यांच्या बाथरूममध्येही असते, त्यामुळं ती कुणाला काही सांगत नव्हती. तिच्याशेजारी कोटातला, चष्म्यातला जो दुसरा फोटो आपल्या घरी असतोच, तो नव्हता. मी भिंतभर नजर फिरवली. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "दे की शबूद. पोराला हितं ऱ्हायाचंय." मी दिला. आपणच दिलेल्या शब्दाचा मला इतका संताप यापूर्वी कधी आला नव्हता.

मग मुलानं आम्हाला आजूबाजूची खेडी दाखवायला नेलं. तिथं लोकांच्या रानातून पायवाटा जातात आणि त्या वाटेनं कुणीही चालावं असा कायदाच आहे. हे फाटकापाशीच थबकले. "मालकाला इचारलंस का?" मुलगा म्हणाला, विचारावं लागत नाही. हे आत आले, पण बांधाच्या कडेकडेनं चालत राहिले. दुसऱ्या रानात समोरून शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला. त्यानं लांबूनच हात वर केला. तर ह्यांनी चटकन पायातल्या चपला काढल्या, वाट सोडून गवतात उतरले आणि हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेवात हे लहानपणी बापाबरोबर चालायचे, तेव्हाची ती सवय. गाव पाण्याखाली गेलं, हे नोकरीला लागले, बागायतदार ह्यांना रावसाहेब म्हणू लागले. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. ते इथं, या परक्या हिरव्या गवतात, एका लाल गालांच्या माणसासमोर वर आलं. त्या बिचाऱ्याला वाटलं काही झालंय. ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला, मुलाला काहीतरी विचारू लागला. मुलगा हसून त्याला म्हणाला की ही आमच्याकडची नमस्कार करायची पद्धत आहे. शेतकऱ्यानंही हात जोडले. दोघं हसले. हे चपला घालत मला हळूच म्हणाले, "कसं झालं काय म्हाईत. पायच थांबलं." पुढचा सगळा रस्ता मी त्या हिरवळीला, मेंढरांना आणि मेंढरांच्या गुबगुबीतपणाला मनात शिव्या घालत चालले.

रविवारी एका मराठी बाईकडं जेवायला बोलावणं होतं. बारामतीकडच्या एका बड्या बागायतदाराची लेक, नवऱ्याबरोबर तिथं येऊन बरीच वर्षं झालेली. घर नदीकाठी, गावाच्या खालच्या टोकाला. लाल विटांची उंच इमारत, वर लोखंडी अक्षरांत नाव: ओल्ड टॅनरी. दाराशेजारी भिंतीत एक पितळी पाटी होती. ह्यांनी मला कोपरानं खुणावलं, "काय लिव्हलंय?" मी निवृत्त झाले तरी सरकारी दवाखान्यातली नर्स, इंग्रजी वाचता येतं. पाटीवर असं होतं की या जागी जनावरांची कातडी कमावायचं काम चाले, वासामुळं त्या कामकऱ्यांना गावाच्या हद्दीबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला राहावं लागे, आणि ही पेठ श्रीमंत झाली ती त्यांच्या कष्टांवर. मी वाचून दाखवलं. हे म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. मुलगा बेल दाबत होता.

बाई अगदी मोकळ्या स्वभावाची. काका, काकू करत हाताला धरून तिनं सगळं घर दाखवलं. "हेरिटेज प्रॉपर्टी आहे काकू. इथं घर मिळणं म्हणजे किती अवघड!" वरच्या मजल्यावर छताच्या तुळयांना मोठमोठे लोखंडी आकडे होते. "हे ओरिजिनल आहेत बरं का. यांच्यावर कातडी वाळत टाकायचे." एका आकड्याला तिनं फुलांची कुंडी टांगली होती, दुसऱ्याला मुलीचा झोका. मी त्या झोक्याकडं बघत राहिले. हिच्या बापाच्या वाड्यात माझे सासरे कुठल्या दारापर्यंत जाऊ शकले असते, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

जेवायला भरली वांगी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. हाताला चव होती, ते मी नाकारत नाही. भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "पळसदेवचे ना तुम्ही? आम्ही आलो होतो एका उन्हाळ्यात. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, ते जुनं मंदिर अख्खं वर आलेलं. काय दगडाचं काम आहे हो! तुमचं घर मंदिराजवळच असणार?"

मंदिर दगडाचं होतं म्हणून दरवेळी वर येतं. आमची वस्ती मातीची होती. ती पहिल्याच पावसाळ्यात विरघळली, पाणी कितीही उतरलं तरी तिथं गाळाशिवाय काही दिसत नाही. मी तोंड उघडलं होतं. त्याआधी मुलगा म्हणाला, "हो, मंदिराच्या मागच्याच आळीत."

हे भाकरी चावत राहिले. एक घास किती वेळ चावावा माणसानं! मला खरं बोलता येत नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "घर छान आहे तुमचं. बांधलं तेव्हा गावाबाहेर होतं म्हणे."

"हो ना," ती आनंदानं म्हणाली, "आणि आता बघा किती सेंट्रल!"

परतताना नदीकाठी मी मुलाला गाठलंच. "मंदिरामागच्या आळीत व्हय रे? तुझ्या आज्याला त्या आळीतनं चालू तरी दिलं हुतं का?"

तो चालतच राहिला. मग म्हणाला, "ती दर शनिवारी मला डबा देते, आई. तिला कळलं तर ती डबा बंद करेल असं नाही. पण मग ती विचार करून वागायला लागेल. जपून बोलायला लागेल. मला ते नको. मला तिथं नुसतं जेवायचंय." मी जास्तच चिडले. त्या रात्री घरी आल्यावर मी सरळ अंथरूण गाठलं. हे झोपायच्या आधी फक्त एवढंच म्हणाले, "त्या पाटीवर बापाचं काम लिव्हलंय. येवढ्या चांगल्या पितळंत."

निघायच्या दिवशी ह्यांनी सकाळीच कोट घातला. पोरगं नोकरीला लागलं तेव्हा शिवलेला, एरवी लग्नाकार्यातच बाहेर निघणारा. मुलाला म्हणाले, "त्या टॅनरीपाशी चल. माझा एक फोटू काढ." मुलगा म्हणाला, "आण्णा, विमानतळावर पोचायला उशीर होईल." हे म्हणाले, "होऊ दे. माझ्या बापाचा एकबी फोटू न्हाय. त्याच्या कामाच्या पाटीपाशी माझा तरी असू दे." मुलानं गाडीची किल्ली घेतली.

हे पाटीशेजारी उभे राहिले, ताठ. कोटाची बटणं लावली. मुलगा समोर मोबाईल धरून उभा. हे हसत होते. कॅमेऱ्यासमोर हा माणूस हसलेला मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. इतक्यात दार उघडलं आणि ती बाई बाहेर आली. "अय्या काका! फोटो? मग इथं का? पुढच्या बाजूनं काढा ना, माझे गुलाब आलेत बघा. इथं काय, नुसती पाटी!"

ह्यांनी मुलाकडं पाहिलं. हसत, वाट बघत. मीही मुलाकडं पाहिलं. शब्द मी दिलेला होता, ह्यांनी तो द्यायला लावला होता, त्याला तर कुणी बांधलेलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. माझे आजोबाही असलंच काम करायचे, एवढंच. मी मनातल्या मनात त्याला ते वाक्य पुरवत होते, दवाखान्यात पहिलटकरणीला धीर द्यावा तशी. बोल रे, बोल.

"आण्णांना जुन्या वास्तूंची आवड आहे," मुलगा म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.

तो फोटो आता इंदापूरच्या आमच्या घरात आहे. बुद्ध, त्यांच्याशेजारी तो कोटातला फोटो, आणि त्याच्याखाली ह्यांचा. ह्यांनीच तिथं लावला, खिळासुद्धा स्वतः ठोकला. पितळी पाटी स्वच्छ वाचता येते. येणारे-जाणारे बघतात आणि हमखास विचारतात, "आण्णांचा चेहरा असा उतरलेला का दिसतोय? थंडी लई हुती का तितं?"

"थंडी न्हवती," मी सांगते. "फोटू पोरानं काढलाय."