नवरात्रातली गोळी

आमचे हे ट्रक चालवतात आणि घोरतातही ट्रकसारखेच. शेजारीण विचारते, "झोप कशी लागती गं तुला?" लई छान लागते. हे घोरणं ऐकायला मिळतंय, त्याचंच मला कौतुक.

मागं ह्यांना ताप यायचा, जायचा, परत यायचा. अंगावरचं मांस उतरत चाललं. उमरग्यातले हायवेलगतचे दवाखाने पालथे घातले. सलाइन लावायचं आणि घरी धाडायचं, एवढंच. ह्यांच्या गाडीवरचा जोडीदार असाच वाळत वाळत गेला होता. भीतीपोटी त्यानं तपासणी टाळली, आणि केली तेव्हा एड्सनं पुरतं घेरलं होतं. त्याच्या बायकोचं मोकळं कपाळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मीच ह्यांना सरकारी दवाखान्यात ओढत नेलं.

"लोक काय म्हणतील?" हे म्हणाले.

"लोक तिरडीलाबी येतात. आत्ताच बोलवू का?"

दोघांचं रक्त तपासलं. ह्यांना एचआयव्ही निघाला, मला नाही. मी भांडले, नको नको ते बोलले, रडले. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला रडू दिलं, मग म्हणाल्या, "एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे. हा विषाणू अंगातली ताकद पोखरत जातो, ती पार ढासळली की एड्स. तुम्ही वेळेत आलात. रोज गोळी घेतली की तो दबून राहील, एड्सपर्यंत गोष्ट जाणारच नाही. पण गोळी चुकवायची नाही." एका ताटात जेवल्यानं तो लागत नाही, हेही सांगितलं.

गोळ्यांनी हे सावरले, भाकरी मागून खायला लागले. सासूबाईंनी मात्र देवीला नवस बोलला होता, पोरगा उठला की कडक नवरात्र धरील. आमच्यात घट बसले की उपास म्हणजे उपास, त्यात औषधसुद्धा चालत नाही. बरं वाटतंय म्हटल्यावर ह्यांनीही मुकाट्यानं ऐकलं. मायलेकांनी मला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या माळेला मी फुलं वाहायला गेले, तर घटामागं गोळ्यांची डबी! वर कुंकू लावलेलं.

"देवीच्या पदरात घातलीय," सासूबाई म्हणाल्या. "ती राखंल."

माझं टाळकंच सरकलं. "आत्याबाई, देवीनं राक्षस मारला तो हत्यार खाली ठिवून मारला का? ही गोळी तिचं हत्यार हाय, अन् तुमी ते तिच्याच पाठीमागं लपवून ठिवलं!"

त्यांनी डबी उचलून पदरानं कुंकू पुसलं. मग हळूच म्हणाल्या, "पर उपास मोडंल की."

"मोडू द्या. पाप माझ्या माथी."

तेव्हाच्या तेव्हा गोळी दिली आणि ह्यांना दवाखान्यात नेलं. बाई चिडल्या. मधेच सोडली की विषाणू डोकं वर काढतो, पुढं तीच गोळी लागू पडेनाशी होऊ शकते, म्हणाल्या. पुढच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मी रोज ह्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. आपलं माणूस आपल्याच देव्हाऱ्यापुढं गमावलं की काय, असं वाटायचं.

रिपोर्ट चांगला आला. विषाणू इतका दबला होता की तपासणीत दिसतसुद्धा नव्हता. असंच राहिलं तर संबंधातून तुम्हालाही लागायचा नाही, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी काय लाजले म्हणता!

सासूबाईंनी विचारलं, "दिसत न्हाय म्हंजी गेला न्हवं?"

"गेला न्हाय, दबून बसलाय. गोळी सोडली की उठंल."

"मग बसू दे मेल्याला तसाच."

यंदा घट बसले. आरतीला घरचे सगळे उभे, हे घंटा घेऊन तयार. सासूबाईंनी निरांजन पेटवलंच नाही. "थांबा. आधी गोळी." तीर्थ द्यावं तशी ह्यांच्या तळहातावर गोळी ठेवली, वर पाणी दिलं.

"आता तोंड उघड. गिळली का बघू दे."

आणि मिशा पिकायला लागलेला माझा नवरा, घंटा हातात धरून, देवीपुढं आ करून उभा राहिला.