बांधावरून येणारी धग

ज्यांचा मी सगळ्यात जास्त ऋणी आहे, ते नंदाखाल गावचे इनास सर महिन्यापूर्वी गेले. कारखान्याच्या गेटवर फोन आला. त्यांच्या पत्नी सेलिनबाई एवढंच म्हणाल्या, "तुझे सर गेले, बाळा..." मला आधी आठवलं ते सरांना लिहिलेलं माझं पत्र. नुकतंच टाकलं होतं.

आम्ही वटार गावचे शेतकरी. शाळेपलीकडे घरात कुणी शिकलेलं नव्हतं. मला कॉलेजात घाला म्हणून विज्ञानाचे हे सर स्वतः घरी आले, तेव्हा बाबा म्हणाले, "मास्तर, शिकून काय रॉकेट उडवनार हाय तो?" सर म्हणाले, "उडवलंच तर तुम्हाला बोलावू." पुढे पदवी मिळाली आणि मी खरंच रॉकेटचं घन इंधन बनवणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात लागलो. बाबा सरांकडे केळीचा घड घेऊन गेले, सरांची स्वतःची केळीची वाडी असताना.

कारखान्यात वाया गेलेलं इंधन मैदानात जाळतात. मैदानाच्या कडेला मातीचा बांध आणि बांधाला लागूनच कामगारांची चहाची शेड. बांध आहे ना, मग शेड जवळ चालते, असं सगळे धरून चालले होते. सुट्टीत मी हे सरांना सांगितलं. ते मला वाडीत घेऊन गेले. भिंतीपलीकडे शेजाऱ्याने भाताच्या रोपांची जागा भाजायला राब जाळला होता. अलीकडच्या केळींची भिंतीच्या उंचीपर्यंतची पानं हिरवी होती, वरची सगळी करपलेली.

"हा नुसता पालापाचोळा," सर म्हणाले. "तुमचं इंधन तर याच्या कितीतरी पट भडकतं. बांध उडणारे तुकडे अडवील रे. पण ज्वाळा बांधाच्या वर गेली की ती शेडकडे सरळ बघते... मग अंतराशिवाय दुसरं काही वाचवत नाही."

शेड किती लांब हलवायला हवी याची आकडेमोड करून मी वरिष्ठांपुढे ठेवली. "केळीच्या पानांवर कारखाना चालत नाही," ते म्हणाले. कामगारही वैतागले. "तेवढ्या लांब जायचं तर चहा घेईपर्यंत सुट्टी संपेल, साहेब."

सरांच्या मातीला गेलो, दफन झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. पत्र त्यांच्या वेताच्या खुर्चीवर होतं, न फोडलेलं. ते येण्याआधीच सर गेले होते. सेलिनबाई ते मला परत द्यायला लागल्या. मी घेतलं नाही. शेड आजही तिथेच आहे. जाळणीच्या दिवशी मी माणसांना मागे पिटाळतो. माझी पाठ वळली की ती पुन्हा बांधाच्या सावलीत येऊन बसतात. खुर्चीवरच्या त्या पत्रात मी लिहिलं होतं:

"सर, सादर नमस्कार. शेड हलवत नाहीत. आता आणखी मोठा साठा जाळायचा आहे. तुमच्या केळींचं सांगितलं की हसतात. मी वयाने लहान, माझं कुणी ऐकत नाही. प्रकृती बरी असेल तर एकदा इकडे याल का? तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. घ्यायला मी स्वतः येतो. फक्त लवकर कळवा, सर."