शीलाचे दात

तोंडातले दात कमी झाले की रिकामी जागा पुष्कळ होते. किस्से बहुधा तिथेच साठत असावेत! नाहीतर पांढरकवड्याच्या मुलींच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि एका आजारपणात एवढं जमा झालं की भेटेल त्याला थांबवून सांगावंसं वाटतं. शीला म्हणते, "बोलू द्या तिले. चावायचं काम गेलं, तं जिभेले तेवढाच रोजगार!"

शीला म्हणजे आमच्याच शाळेतली बाई. मारेगावकडची, माझ्याच वयाची, हिंदी शिकवणारी. तिचं नाव पुढे सारखं येणार आहे, कारण त्या दिवसांत मी तिच्यावर अखंड जळत होते. तिच्या रंगावर नाही, लांब वेणीवर नाही, मुली तिच्याभोवती गोळा व्हायच्या त्यावरही नाही. तिच्या दातांवर!

* * *

सुरुवात नागपूरला झाली. माझ्या जबड्याखाली गाठ होती. ती कापून काढली, तपासायला पाठवली आणि मग डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेलं. बाजूला नेलं की काय असतं, हे कळायला बी.ए. व्हावं लागत नाही. कॅन्सर! आता विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा होता, दोन फेऱ्यांत. एक फेरी दिवाळीच्या आधी, दुसरी संक्रांतीनंतर. आणि त्याच्याही आधी दात काढायचे.

"दात कशाला? ते तर दुखतसुद्धा नाहीत!" मी ओरडलेच.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "शेकाने लाळ आटते, दात किडतात. आणि शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही. म्हणून मागचे आधीच काढायचे. पुढचे तेवढे ठेवतो. सांभाळलेत तर तुमचे. दुसऱ्या फेरीच्या आधी तपासून घ्या. एक जरी किडलेला निघाला, तर सगळे काढावे लागतील."

एवढं सांगून मला धीर यावा म्हणून ते हसले. मेल्याचे दात काय सुंदर होते हो!

दात काढताना आणखी गंमत. काढलेला दात ट्रेमध्ये टण्णकन पडायचा आणि मी खुर्चीतून उडायचे. दुसऱ्या की तिसऱ्या दाताला दातांचे डॉक्टर थांबले. "बाई, दुखतंय म्हणून दचकता की आवाजाने?"

बधिर तोंडाने मी कसंबसं म्हटलं, "आवाजाने."

त्यांनी ट्रेमध्ये कापूस अंथरला!

* * *

पहिली फेरी संपवून शाळेत परतले, तर माझा थाट काय विचारता! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरणीने, स्वतःची हातांची खुर्ची मला दिली. शिपाईण गंगाबाई रोज घरच्या म्हशीच्या दुधाची साय आणायची. तिखट बंद, गोड बंद, कडक बंद. मऊ भात, दूध, साय आणि दर घासाला पाण्याचा घोट, कारण तोंड म्हणजे मारवाडचं वाळवंट झालेलं.

शीला भाकरीचा डबा उघडून माझ्या वाटीकडे बघत बसायची.

"बिमार पडावं तं कुसुमसारखं! मस्त नागपूर पाहून आली. आम्ही इकडे पोरींच्या उवा पाहून राह्यलो. वरून खुर्ची, वरून साय! मले काहून नाही होत असं काही?"

"शीला! शुभ बोल गं!" मोठ्या बाई ओरडल्या.

माझं लक्ष कुठे होतं? तिच्या डब्यात. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि कांदा! तो तिने मुठीने फोडला आणि कच्चकन चावला. तो कच्च माझ्या काळजात झाला.

गंगाबाईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "इतकं हाय तं अदलाबदल करा नं बाई."

मी एका पायावर तयार होते. वाटीची नाही, जबड्याची!

* * *

एकदा कुणा मुलीच्या घरून उसाची मोळी आली. सगळ्यांनी विळी शोधली. शीलाने नाही शोधली. तिने कांडं तोंडात आडवं धरलं, मानेला एक हिसका दिला आणि साल सोलून बाजूला टाकली, जशी काही मुलीच्या वहीवरचं कव्हर काढते आहे! मी तिच्या दाढांकडे अशी काही टक लावून बसले की मोठ्या बाईंना राहवलं नाही.

"कुसुम, अशी नको पाहूस बाई. नजर लागते दातांना."

शीला चोयट्या थुंकत म्हणाली, "आमच्या घरी नजर-बिजर बंद आहे, मोठ्या बाई. दीक्षा घेतली त्या दिवशी आईनं बिब्बे, काळ्या बाहुल्या, सगळं नाल्यात टाकलं." मग माझ्याकडे वळून तोंडाचा आ केला. "पाह्य. पोटभर पाह्य. फुकट आहे!"

मी पाहिलं! खोटं कशाला सांगू?

* * *

प्रत्येक खाण्यानंतर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याने गुळण्या करायच्या, हा नागपूरचा हुकूम. पुढचे दात त्यावरच टिकायचे होते, म्हणून मी एक वेळ चुकवत नसे. शाळेच्या मागच्या ओट्यावर उभं राहायचं, मान वर करायची आणि गुळगुळ करत आकाश बघायचं.

अशीच उभी असताना मागून जाड आवाज आला, "काय चाललंय इथे?"

मी दचकून वळले आणि सगळी गुळणी गेली एका चकचकीत बुटांवर! वर पाहिलं तर शिक्षणखात्याचे साहेब. न कळवता तपासणीला आलेले! त्यांच्या मागे मोठ्या बाई पांढऱ्याफटक.

तेवढ्यात वर्गाच्या दारातून शीला गरजली, "नमस्कार साहेब! आरोग्याचा पाठ चालू आहे. चला गं मुलींनो, रांगेत!"

बघता बघता तिचा अख्खा वर्ग ओट्यावर आला. तांब्या फिरला आणि सगळ्या मुली माना वर करून गुळगुळ करू लागल्या. साहेबांनी ओले बूट विसरून वही काढली. शेरा काय लिहिला? "शीलाबाईंचा प्रात्यक्षिकाचा उपक्रम अनुकरणीय."

गुळणी माझी, आणि शेरा तिच्या नावावर!

* * *

आमच्या स्टाफरूममधले कप सगळे एकसारखे, पांढरे. एके दिवशी पाहिलं तर माझ्यासाठी एक निराळा कप आला होता. निळ्या काठाचा, खिडकीत एकटाच पालथा घातलेला. कोणी आणला ते कोणी बोलेना. "तुझ्याच तब्येतीसाठी बरं," एवढं एकजण पुटपुटली. हा रोग उष्ट्याने लागत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते म्हणायला हिंमत लागते, आणि माझी सगळी हिंमत मांजर आडवं गेलं तरी सरते. मी त्या कपातून मुकाट चहा पिऊ लागले.

शीला तेव्हा घरी लग्नाला गेली होती. परत आल्या दिवशी तिने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठली आणि निळा कप गंगाबाईसमोर धरला.

"यात ओत."

गंगाबाई गडबडली. "शीलाबाई, तो कुसुमबाईंचा हाय..."

"ठाऊक आहे मले. वेगळ्या कपाची अन् आमची लई जुनी ओळख आहे."

शीला सावकाश, फुंकून फुंकून चहा प्याली आणि कप बाकीच्या कपांच्या टोपल्यात टाकून वर्गावर गेली. त्या दिवसापासून ज्याच्या हाताला जो कप लागेल तो त्याचा.

आणि मी? खरं सांगते, मला त्याही क्षणी हेवाच वाटला. असं बोलायला काही दाढा लागत नाहीत. मग मला का नाही सुचलं?

* * *

आठवडी बाजारात एक म्हातारे चाचा बसायचे. दात उपटून द्यायचा त्यांचा धंदा. पुढ्यात पांढरं कापड आणि त्यावर काढलेल्या दातांचा हा ढीग, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून! शीला वांगी निवडायला गेली आणि मी तिथेच खिळले. इतके दात! नुसते उन्हात पडलेले!

"चाचा, हे कोणी परत मागत नाही?" मी विचारलं.

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मांगने कोई नहीं आता, बेटी. और इतने प्यार से देखने भी तुम पहलीच आई."

शीलाने मला दंडाला धरून ओढलं. "चाल न माय! आता लोकायच्या पडलेल्या दातांवर बी जळून राह्यली?"

* * *

सगळ्यात अवघड होतं गोड. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला कोणी रिकाम्या हाताने येतं का? पेढा, शिरा, लाडू, निदान साखरेची चिमूट. "तोंड गोड कर, बाई. बरं वाटेल." आणि माझ्या आटलेल्या तोंडात साखर म्हणजे पुढच्या दातांना वाळवीच. नाही म्हणावं तर समोरची बाई डोळ्यांना पदर लावायची, "आमच्या हातचं चालत नाही का?"

दिवाळीतच शीलाने तोड काढली. कोणी काही पुढे केलं की ती मध्ये हात घालायची. "हिच्या वाटणीचं मी खाते. डॉक्टरांनी तसंच लिहून दिलं आहे!" बायका हसायच्या आणि शीला खायची. मोठ्या बाईंच्या घरचे बेसनाचे लाडू तिने माझ्या वाटणीचे खाल्ले, स्वतःच्या वाटणीचेही खाल्ले आणि मी शेजारी बसून पाणी प्याले.

संक्रांतीला तर कहर झाला. अख्ख्या शाळेच्या मुली तिळगूळ घेऊन माझ्यापुढे रांगेत! बाई आजारी, म्हणून प्रत्येकीला आपल्या हाताने बाईंच्या तोंडात घालायचा होता. मी भेदरून शीलाकडे पाहिलं. ती माझ्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. मुलगी वाकली की मी तिळगूळ हातात घ्यायचे, पदराआड तोंड हलवायचे आणि मागच्या मागे शीलाच्या हातावर ठेवायचे. मागून सारखा आवाज, कुडुम, कुडुम. शेवटी शेवटी त्या कुडुमचा वेग मंदावला, एकदा तर "स्स" असं ऐकू आलं. पण मी इतकी जळत होते की वळून पाहिलंच नाही.

* * *

आणि मग तपासणीचा दिवस आला. यवतमाळच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि त्यांनी ठेवा म्हटलं तर दात घेऊन नागपूरला जायचं, नाहीतर ते काढून. बाबांना नेमका ताप भरला. शीला म्हणाली, "मी येते." पण एसटीत बसली ती गालाला रुमाल लावून, खिडकीकडे तोंड करून. एक शब्द नाही! मला वाटलं, कंटाळली माझ्या आजारपणाला.

खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी बारीक सळईने माझा एकेक दात वाजवायला सुरुवात केली. टक्. टक्. प्रत्येक आवाजाला मी दचकत होते आणि शीलाच्या मनगटात नखं रुतवत होते. एका दातापाशी ते थांबले. आरसा फिरवला. पुन्हा वाजवला. मी डोळे मिटले. ते दात गेले तर मुलींपुढे उभं कसं राहायचं, आरशापुढे कसं राहायचं, एवढंच डोक्यात.

"स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाले. "एकही किडलेला नाही. हे ठेवून खुशाल शेकाला जा."

मला रडू फुटलं. हसूही फुटलं. सगळे पुढचे दात दाखवून हसले मी! डॉक्टरांनी हात पुसले आणि माझ्या मागे बघत विचारलं, "आणि या बाईंचा गाल का सुजलाय?"

"काही नाही! झोप नाही झाली!" असं म्हणत शीला चक्क दाराकडे निघाली. सोलायला विळी न मागणारी शीला! मी धावत जाऊन तिचा पदर धरला. दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं.

उजवीकडची सगळ्यात मोठी दाढ. मुळापर्यंत गेलेली.

"गोड फार खाता वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

शीलाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

दाढ ट्रेमध्ये टण्णकन पडली. शीला उडाली. मी जागची हलले नाही!

शीलाने दाढ कागदात बांधून घेतली आणि आम्ही बाहेर आलो. स्टँडवर एसटीला वेळ होता. मी पाणी पीत होते आणि ती कापूस दाबून बसली होती. मग तिने कमरेची कागदाची पुडी काढली, माझी मूठ उघडली, पुडी आत ठेवली आणि मूठ मिटली.

"नजर-बिजर आम्ही मानत नाही," एका गालाने ती म्हणाली. "पण ही तू ठेव. तुझ्या वाटणीची आहे."