नातीच्या जीनपँटीचा गुडघा

वडगावच्या आमच्या घरात माग होते तोवर एक नियम होता. तुटकी तार दिसली की जोडायची, मगच उठायचं. मागावर उभ्या तारांचा नवा ताणा आला की जुन्या टोकांना एकेक तार पीळ देऊन जोडायचं काम बायकांचं. सासूबाई म्हणायच्या, "दूध उतू गेलं तर जाऊ दे, तार सोडून उठू नको." मी ते लई वर्षं केलं. पुढं मुलानं माग विकले, कारखान्यात नोकरी धरली, आणि सुताला हात लावणारं घरात कुणी उरलं नाही. ही खंत मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. नातीला तर जेवताना सुद्धा.

जीनपँटीशी आमच्या घराचं तसं जुनंच वैर. मुलानं कॉलेजात असताना पहिली आणली, तेव्हा मामंजी म्हणाले, "काय रं, कुणाचा तंबू फाडून आणलास?" मी आपली तिला खळ घालून, मधोमध घडी पाडून कडक इस्त्री केली. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. आता त्यालाच लेकीच्या फाटक्या पँटी खुपतात. "तिकडं कॅम्पातल्या बाजारात फिर जा घालून, माझ्यासंगं लग्नाला नको," म्हणतो. ती कसली ऐकते! "पप्पा, तुमच्या त्या अंगाला चिकटलेल्या पँटीतला फोटो दाखवू काय आज्जीला?"

नात कपड्यांच्या डिझाइनचं शिकते. एका दुपारी ती बाहेर गेली होती आणि खुर्चीवर तिची नवी निळी पँट पडलेली. एका गुडघ्यावर चार बोटं जागा विरलेली. निळ्या उभ्या तारा सगळ्या गेलेल्या, आडव्या पांढऱ्या तेवढ्या राहिलेल्या. म्हटलं, पडली वाटतं पोरगी कुठं, आणि सांगितलं पण नाही. चष्मा लावला, जुन्या पँटीतनं निळं सूत ओढून काढलं, आणि पांढरीच्या वरनं-खालनं सुईनं एकेक उभी तार भरत गेले. मान धरली, चहा निवला. खोटं कशाला सांगू, किती वर्षांनी बोटं अशी चालली होती!

दिवेलागणीला ती आली. पँट उचलून उजेडात धरली.

"आज्जी, हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? मीच की. कुठं फाटलं होतं सापडतंय काय बघ!"

ती खाली बसली. "फाटलं न्हवतं गं. मी काढलेलं. चिमट्यानं, एकेक निळी तार, पांढरी एक पण न तोडता. पाच दिवस लागले. उद्या कॉलेजात दाखवायचं होतं."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

"पुरं झाल्यावर तुलाच दाखवणार होते. तूच म्हणतीस न्हवं, घरात सुताला कोण हात लावत न्हाय."

मी सुई घेतली. "थांब, उसवते आत्ता."

"नको आज्जी. पांढऱ्या तुटतील." आणि माझ्या हातातली सुई काढून घेऊन तिनं डबीत ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

कॉलेजात मुदत मागून घेतली, आणि दुसरी पँट आणून तिनं पुन्हा पाच दिवस ते काम केलं, पिरनवाडीला मैत्रिणीच्या घरी. "तिथं उजेड चांगला हाय," म्हणाली. आमच्या माजघरात एवढा उजेड असतो की दोन माग चालायचे.

आधीचे पाच दिवस ती शेजारच्या खोलीत दार लोटून बसायची, तेव्हा मला वाटायचं मोबाइल बघत असेल. एकदा दार ढकलून "काय करतीस गं?" एवढं विचारायला काय झालं होतं मला?

ती पँट माझ्या ट्रंकेत आहे. कधी काढते, गुडघ्यावरनं बोट फिरवते, तिचं काम कुठं हाताला लागतंय काय बघते. लागत नाही. इतकं नीट भरलंय मी.