तिसरा हात

माझ्या साडूंचे हात बघून लहान मुलं आधी मागे सरायची आणि मग हळूच जवळ यायची. नखांच्या कडांना कायम खळ सुकलेली, अंगठा दाभणाचे टोचे खाऊन खाऊन दगडासारखा झालेला, आणि तर्जनीवर दोऱ्याने पाडलेली घळ. लोकांची पुस्तकं बांधण्यात त्यांचा जन्म गेला. स्वतः त्यांनी एक बायबल पुरतं वाचलं आणि दुसरं एक पुस्तक अर्धं, कारण तेवढ्यात गिऱ्हाईक ते न्यायला आलं. पुढे त्या गोष्टीत काय झालं असेल, हे ते मला वीस वर्षं विचारत होते. जसं काही मी वाचलं होतं!

त्यांची खोली एवढीशी. मध्ये पुस्तकं दाबायचा चाकाचा लोखंडी शिकंजा, खिडकीशी टेबल, टेबलावर हाडाची पट्टी, मेणाचा दोरा आणि टवके उडालेल्या वाडग्यात खळ. कसर लागू नये म्हणून त्या खळीत मोरचूद घालायचे, त्यामुळे ती निळसर दिसे. हा निळा रंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, ल्यूथरन. आमच्यात पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, दीक्षा देतात ती डोक्यावर हात ठेवून. तेव्हाचा नियम असा, की हात बिशपांनी ठेवावा. बिशप नसतील तर तीन पाळकांनी मिळून ठेवावा. आमच्या पाळकांच्या दीक्षेच्या वेळी जुने बिशप वारले होते आणि नव्याची निवड भांडणात अडकली होती. म्हणून तीन पाळक नेमले. पैकी दोन आले. तिसऱ्याची बस कुठेतरी बंद पडली होती.

दहाची उपासना. साडेबारा झाले तरी तिसऱ्याचा पत्ता नाही. गाणारी मंडळी तीच चार गीतं तिसऱ्यांदा म्हणत होती, आणि दीक्षा घेणारा तरुण गुडघ्यांवर बसून बसून घामाघूम झाला होता. शेवटी आलेल्या दोघांतले म्हातारे पाळक म्हणाले, "नियमाला तीन हात हवेत ना? मंडळीच्या पंचांपैकी एकाला बोलवा. आपल्यात प्रत्येक विश्वासी याजक असतो, असं मी चाळीस वर्षं शिकवतोय. एकदा करूनही बघू."

आमचे साडू तेव्हा पंच होते, पण बाकावर नव्हते. गीतांच्या पुस्तकांच्या पाठी निखळल्या होत्या म्हणून ते मागच्या खोलीत बसून चिकटवत होते. हाक आली तसे उठून आले आणि ठेवला हात. आमेन झालं, हात उचलला, तर पाळकांचे केसही बरोबर उठले!

त्या दिवसाचा फोटो आहे. नवे पाळक गंभीर चेहऱ्याने उभे, आणि डोक्यावर निळसर तुरा. मंडळीच्या नोंदवहीत तीन नावं चढली. तिसऱ्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पुस्तकबांधणी करणारे, मंडळीच्या वतीने'.

त्यावर एकतीस वर्षं गेली. पाळकांनी आमच्या पोरांचे बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, आमच्या आईबापांना मातीआड केलं. दर सोमवारी, म्हणजे पाळकांच्या सुट्टीच्या दिवशी, ते साडूंच्या खोलीत येऊन चहा पीत. दोघं फारसं बोलत नसत. एक शिवे, दुसरा बघे.

मग नवे बिशप आले. माणूस शिकलेला, नीटनेटका, आवाज कधी न चढवणारा. महासभेत त्यांनी ठराव करून घेतला की यापुढे दीक्षा फक्त बिशपांच्या हातून, आणि मागच्या सगळ्या दीक्षा तपासायच्या. आमच्याकडे पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'हातांच्या बाबतीत अनियमितता आढळली आहे.'

मंडळीत दोन तट पडले. एक हाकवाले. त्यांचं म्हणणं, मंडळीने हाक दिली की माणूस पाळक झाला, बिशप म्हणजे नुसता देखरेखीचा माणूस. दुसरे हातवाले. त्यांचं म्हणणं, हे येशूच्या प्रेषितांपासून हातोहात आलेलं आहे, एक कडी तुटली की पुढचं सगळं सुटलं. आदल्या आठवड्यापर्यंत या दोन्ही तटांची भांडणं फक्त पंख्याखालच्या बाकावरून होत असत.

बिशपांचे चिटणीस सभेला आले. मंडळीतले एक कापडदुकानदार उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मी एवढा उजेड कधी पाहिला नव्हता. "साहेब, पाळकच खरे नसतील, तर त्यांनी लावलेली लग्नं? म्हणजे मी आपलं मंडळीच्या वतीने विचारतोय."

बायकांच्या बाकांवरून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आशा लावून बसू नका. खाली बसा."

चिटणिसांनी खुलासा केला की लग्नं पक्की, बाप्तिस्मे पक्के, प्रभुभोजनालाही बाध नाही. प्रश्न आहे तो फक्त पाळकांचा.

"म्हणजे दूध चांगलं, गाय तेवढी खोटी!" माझी मेहुणी म्हणाली. मेहुणी म्हणजे साडूंची बायको. तिला गप्प बसवणारा अजून जन्मायचाय.

हशा पिकला. तेवढ्यात हातवाल्यांपैकी एक शाळामास्तर म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. प्रेषितांच्या हातांच्या रांगेत हा खळीचा हात आला कुठून?"

साडू माझ्या शेजारीच होते. त्यांनी हात खिशात घातले. मला ते बघवलं नाही.

चिटणिसांचा तोडगा साधा होता. बिशप येतील, पाळकांनी पुन्हा गुडघे टेकावेत, आणि नवा दाखला नोंदवहीत जुन्या नोंदीवर चिकटवावा. पाळक कबूल नसतील तर त्यांनी महिन्याच्या आत वेदी सोडावी, आणि पाळकाचं घरही.

पुढच्या सोमवारी मी खोलीत होतो. पाळक आले, चहा झाला.

"दादा, मी गुडघे टेकणार आहे," ते म्हणाले.

साडूंनी दोरा ओढला. "का?"

"निवृत्तीला एक वर्ष उरलंय. बायकोच्या चाकाच्या खुर्चीसाठी मागच्या दाराला उतार बांधून घेतलाय मी. तिला आता कुठे नेऊ?"

"आणि ही एकतीस वर्षं?"

"ती कुठे जाताहेत?"

"वहीतून जाताहेत," साडू म्हणाले. "पाळकसाहेब, मी हजारो वह्या बांधल्या. माझं नाव एकाच वहीत आहे. तीही मी बांधलेली नाही, आणि बांधणी भिकार आहे. पण नाव आहे."

पाळकांनी कप खाली ठेवला. त्यानंतरचे दोन सोमवार ते आले नाहीत, आणि साडूंनी दोन्ही सोमवारी दुसरा कप धुऊन उपडा घातला.

बिशप आले. देखणा सोहळा झाला. त्यांचा हात स्वच्छ, कोरडा, हलका. ठेवायला पाळकांच्या डोक्यावर केसही फारसे उरले नव्हते, त्यामुळे तुरा उठायची भीती नव्हती. हाकवालेही आले होते, फक्त आमेन त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं.

आता खरी गंमत. दाखला आला जाड कागदाचा, आणि नोंदवहीचं पान जुनं, पापडासारखं. एकाने कोपरा चिकटवून बघितला, तर पानच फाटायला लागलं. सुरकुती न पाडता असं काम करणारा माणूस आमच्याकडे एकच होता. चिटणीस वही घेऊन साडूंच्या दारात उभे राहिले. चेहरा चुकून सासरी आल्यासारखा.

"जुनं पान फाडायचं नाही, ते नियमात बसत नाही," ते म्हणाले. "नुसतं झाकायचं. पुरतं झाकलं गेलं पाहिजे."

मला वाटलं, आता साडू त्यांना दाराबाहेर काढतात. मेहुणी तर लाटणं घेऊनच आली होती. साडूंनी वही घेतली, पाठ दाबली, शिवण पाहिली आणि म्हणाले, "परवा या."

परवा वही गेली. बिशपांनी दाखल्यावरून बोट फिरवलं म्हणे, आणि म्हणाले, "अप्रतिम काम." शिफारसपत्रही पाठवलं. साडूंनी ते शिकंज्याचा पाय डुगडुगत होता त्याखाली घातलं. पुढच्या सोमवारी पाळक आले. साडूंनी उपडा कप सुलटा केला, एवढंच.

वर्षाने पाळक निवृत्त झाले. निरोपाच्या उपासनेनंतर मागच्या खोलीत नोंदवही उघडली. बिशपांना सही करायची होती. साडू तिथेच, गीतांच्या पुस्तकांच्या पाठी चिकटवत बसलेले. मी पंखा लावला. मला काय ठाऊक!

वारा आला आणि दाखला खिडकीच्या झडपेसारखा अलगद वर उचलला गेला. खाली जुनी नोंद, जशीच्या तशी. तीन नावं.

चिटणीस पांढरे पडले. बिशपांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे सुटलंय," ते म्हणाले.

"सुटलं नाही साहेब, बसवलंच तसं आहे," साडू म्हणाले. "एकाच कडेला खळ लावलीय. सगळीकडे लावली असती तर ओल लागून खालची शाई वर आली असती. मग तुमचीही नोंद गेली असती आणि आमचीही."

बिशपांनी वाकून तिन्ही नावं वाचली. मग त्यांनी दाखला तळहाताने दाबून धरला, सही केली आणि हात उचलला. दाखला पुन्हा वर आला. पाळक खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"शाईचं कारण खरं आहे?" बिशपांनी विचारलं.

"कुठल्याही बांधणीवाल्याला विचारा."

"मग राहू द्या," बिशप म्हणाले. "आणि हे तिसरं नाव?"

साडूंनी हात वर केला. निळसर, ओला. बिशपांनी आपला हात पुढे केला, पण मध्येच तो थबकला. तेव्हा साडूच म्हणाले, "थांबा साहेब, धुऊन येतो."

नळ मागच्या अंगणात. साडूंनी साबण लावला, नखं घासली, टॉवेल शोधला. कधी नव्हे ते हात लख्ख करून परत आले, तर बिशपांची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

पाळक हसत सुटले, साडूही. "आता कोरडे हात घेऊन करू काय?" म्हणत साडू पुन्हा वाडग्याशी जाऊन बसले. उरलेली पुस्तकं तशीच पडली होती.